मयताचे वारस: जुन्या कायदेशीर कागदांतून विधवा आणि पोरकी मुले कशी शोधावीत

वंशावळ मागे नेताना साखळी बहुतेक वेळा एकाच जागी तुटते. घरातला कर्ता पुरुष अकाली गेलेला असतो. मागे विशी-तिशीतली विधवा आणि दोन-तीन लहान मुले उरतात. पुढे मुले आजोळी वाढतात, गाव सुटते, एखादा मुलगा दत्तक जातो आणि त्याचे आडनावच बदलते. क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या, वह्या मुख्यतः पुरुषांच्या नावांवर चालत असल्यामुळे अशा घराबद्दल त्या फार काही सांगत नाहीत.

सरकार आणि न्यायालय यांना मात्र नेमके हेच घर दिसत असे, कारण तिथे जमीन, वतन, कर्ज किंवा घर होते आणि त्यावर सही करणारा सज्ञान पुरुष नव्हता. सारा कोण भरणार, कर्जदाराला पावती कोण देणार, पाटीलकी कोण करणार, हे ठरवावे लागे आणि ते ठरवताना कागद तयार होत. म्हणून शोध बाईच्या किंवा मुलाच्या नावाने सुरू करू नका. मयताचे नाव, त्याचे गाव आणि त्याची मिळकत यांच्या मागे जा. ती दोघे त्या कागदांतच भेटतील.

पुढचे विवेचन मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी आहे. वऱ्हाड-नागपूरकडचे वेगळे शब्द आणि मराठवाड्याच्या दप्तराची जागा त्या त्या ठिकाणी सांगितली आहे. गोव्याची व्यवस्था मुळातच वेगळी, म्हणून ती शेवटी स्वतंत्र घेतली आहे.

कागदावरचे नाते कसे लिहितात

जुन्या नोंदीत 'बिन' म्हणजे मुलगा आणि 'कोम' म्हणजे बायको. 'अमुकी कोम तमुक' एवढ्यावरून नवरा हयात आहे की नाही हे कळत नाही. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्याचेही तसेच. वैधव्य कळते ते 'गं. भा.' या उपपदावरून किंवा 'मयत' या शब्दावरून. वऱ्हाड-नागपूरकडे 'वल्द', 'जौजे' आणि 'बेवा' हे शब्द चालत. त्यांपैकी 'बेवा' असेल तर बाई विधवा आहे हे नक्की.

जमिनीच्या कागदांतली दोन संक्षिप्त रूपे पाठच करावीत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: खातेदार अज्ञान (अल्पवयीन) असून त्याच्या वतीने आई, चुलता किंवा आजा कारभार पाहतो. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता: नाव एकाचे असले तरी हक्क अनेकांचे. हे दुसरे रूप माणसे झाकून टाकते. थोरल्या भावाच्या नावापुढे ते दिसले की धाकटे भाऊ, मेलेल्या भावाची मुले आणि त्याची विधवा त्या एका नावामागे आहेत असे धरूनच चालावे.

जुन्या सनांवरून इसवी सन काढायला साधी बेरीज पुरते. शकात ७८ मिळवा. दख्खनी फसलीत ५९० मिळवा. पेशवेकालीन सुहूर सनात ५९९ मिळवा. फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षे उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांत आणखी एक मिळवावा लागतो. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, म्हणजे १७६०-६१.

कोणत्या साली बाईचे नाव लागेल, कोणत्या साली लागणार नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचाच. सर्वांत जास्त चुका इथे होतात.

१९३७ पूर्वी एकत्र कुटुंबातला पुरुष मेला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई. विधवेला फक्त अन्नवस्त्र. त्यामुळे तिचे नाव फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) नाही म्हणजे ती आधीच वारली असा निष्कर्ष काढू नका. ती पुढे चाळीस वर्षे त्याच घरात असू शकते. फार तर 'इतर हक्क' या रकान्यात पोटगीचा बोजा म्हणून ती दिसेल.

उलट बाजूने पाहिले तर १९३७ पूर्वी एखाद्या हिंदू विधवेचे नाव स्वतःच्या हक्काने खातेदार म्हणून लागले असेल, तर त्या एका ओळीतून तीन गोष्टी बहुधा कळतात: नवरा भावांपासून विभक्त होता, तो तिच्याआधी मेला, आणि मुलगा, नातू किंवा पणतू मागे नव्हता. मुलगा बापामागून लगेच वारला असेल, तर आई मुलाची वारस म्हणूनही येते. म्हणून 'कोणाची वारस' हे शब्द तपासून घ्या.

हिंदू स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्क कायदा १४ एप्रिल १९३७ पासून आला आणि विधवेला मुलाइतका हिस्सा मिळू लागला. मात्र शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती. मुंबई इलाख्यात शेतजमिनीला तो हक्क १९४२ च्या कायद्याने मिळाला. त्यामुळे मधल्या वर्षांत घराच्या कागदावर बाई आहे आणि शेताच्या कागदावर नाही, असे दिसू शकते. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि तिचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. त्यानंतरच्या वारस नोंदींत मुलीही येतात. कधी आत्या आणि बहिणींची लग्नानंतरची नावे पहिल्यांदा सापडतात ती इथेच.

पुनर्विवाह हा वेगळा विषय. १८५६ च्या कायद्याने विधवेचे लग्न कायदेशीर झाले, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुन्हा लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क, जणू ती मेली अशा रीतीने, संपे. पाटाची किंवा मोहतुराची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, चाल पूर्वीपासून असलेल्या जातींनाही मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम लावला. त्यामुळे खात्यावरून बाईचे नाव उडाले पण मृत्यूची नोंद कुठेच नाही, असे झाले तर आधी पाट लागल्याची शक्यता पाहा. 'पाट लावून गेली' असा शेरा फेरफारात स्पष्ट लिहिलेलाही असतो.

मुसलमान घरांत हा घोळ कमी. विधवेला ठरलेला वाटा असतो: मुले असतील तर आठवा, नसतील तर चौथा. हिशेब अपूर्णांकांत लिहिलेला असेल तर त्यावरूनच मुले होती की नाही हे कळते. प्रत्यक्षात गावोगावी या वाट्यांची नोंद टळत असे, हे ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: मृत्यूची तारीख

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. नक्कल मागताना गाव, जुना तालुका आणि वर्षांचा पट्टा लिहा. तालुक्यांच्या हद्दी बदलल्या आहेत, त्यामुळे गावाची जुनी वही शेजारच्या तहसिलीत असू शकते. पानांचा बराच भाग मोडीत असतो. मोडी येत नसेल तर आधी तारीख, जात आणि वय हे रकाने लावून घ्या, मग नाव जाणकाराकडून वाचून घ्या. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अनेक तहसिलींत या वह्या अलीकडे बाहेर काढल्या गेल्या आहेत, म्हणून पूर्वी 'नाही' असे उत्तर मिळाले असेल तरी पुन्हा विचारा.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेकदा नसते. बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. बापाच्या मृत्यूनंतरचे दहा महिने मुद्दाम चाळा, बापामागे जन्मलेले मूल तिथे सापडेल. आई-बाप दोघेही गेल्याची कथा घरात असेल आणि साल ठाऊक नसेल, तर १८९६ नंतरची प्लेगची वर्षे, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, आणि सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ही इन्फ्लुएंझाची लाट आधी पाहा. १९१८ मध्ये कारणाच्या रकान्यात बहुधा नुसते 'ताप' असते.

दुसरी पायरी: फेरफार

आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, ते वर्तुळात लिहिलेले आकडे. तिथून एकेक मागे जायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, पण गावोगावच्या वह्या प्रत्यक्षात त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या असतात. 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर अनेक जिल्ह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. तिथे नाही म्हणजे अस्तित्वातच नाही असे नव्हे. तलाठी आणि तहसील, दोन्हीकडे पाहा.

मागावयाचे नमुने असे: नमुना ६ म्हणजे फेरफार, ६-क म्हणजे वारसा नोंदवही, आणि ६-अ म्हणजे तक्रारी प्रकरणांची नोंदवही. पुष्कळ लोक ६ वर थांबतात. खरी माहिती ६-अ मध्ये असते, कारण चुलत्याने विधवेच्या नावाला हरकत घेतली की दोघांचे जबाब होतात आणि जबाबात नाती उलगडतात. त्याही मागे जायचे असेल तर भूमी अभिलेख खात्यातली जुन्या मोजणीची कडईपत्रके आणि गावठाणातल्या घरांसाठी सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही पाहावी.

साखळी तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे १९४७ च्या कायद्याखाली झालेले एकत्रीकरण. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबरावरून मागे जाताना एकत्रीकरणाचा जबाब किंवा योजनापत्रक घेऊन जुना सर्व्हे नंबर काढला नाही, तर भलत्याच माणसाच्या जमिनीचा इतिहास वाचत बसाल.

वारस फेरफारात साधारण असे लिहिलेले असते: अमुक बिन तमुक हा अमुक तारखेस मयत, वारस मुलगा फलाणा वय वर्षे ६, अ.पा.क. आई अमुकी. यातल्या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: मृत्यूची तारीख, वर्दी दिल्याची तारीख, नोंद मंजूर झाल्याची तारीख आणि मुलाचे वय. वय हे वर्दीच्या दिवसाचे असते, मृत्यूच्या दिवसाचे नव्हे, आणि त्या दोहोंत कधी पाच-सात वर्षे गेलेली असतात. पुढे 'अज्ञान सज्ञान झाला, अ.पा.क. शेरा कमी केला' असा फेरफार मिळाला, तर जन्मसालाची अलीकडची मर्यादा ठरते. मात्र हा शेरा कमी करायची कोणाला घाई नसे. तिशीतला माणूस कागदावर अज्ञान राहिलेला सर्रास आढळतो.

आईऐवजी चुलता पालनकर्ता असेल तर कारण शोधा. आई वारली, तिने पाट लावला, की फक्त चुलत्याचे चालले? तीनही शक्यता खुल्या ठेवा.

तिसरी पायरी: दुय्यम निबंधक

१८६५ नंतरचे नोंदलेले दस्त दुय्यम निबंधकाकडे चार वह्यांत विभागलेले असतात, हे माहीत असले की अर्ध्या फेऱ्या वाचतात. बुक १ मध्ये स्थावराचे दस्त, बुक २ मध्ये नोंदणी नाकारल्याची कारणे, बुक ३ मध्ये मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र, बुक ४ मध्ये इतर किरकोळ दस्त. पाचवे बुक सीलबंद ठेवीला दिलेल्या मृत्युपत्रांचे. सूची १ माणसांच्या नावांची, सूची २ मिळकतींची. ऑनलाइन ई-सर्च अलीकडच्या दशकांपुरताच आहे. जुन्यासाठी कार्यालयात जाऊन सूची पाहण्याचा अर्ज करावा लागतो. बुक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. बुक ३ ची नक्कल दस्त करणाऱ्याच्या मृत्यूनंतर कोणाही अर्जदाराला मिळते. बुक ४ ची मात्र दस्तातले पक्ष आणि त्यांच्या वतीने मागणारे यांनाच, म्हणून तिथे आपले वारसपण दाखवायची तयारी ठेवा.

विधवेने किंवा पालनकर्त्याने केलेले खरेदीखत आणि गहाणखत अगदी पहिल्या ओळीपासून वाचा. तिला जमीन मनाला येईल तशी विकता येत नसे. नवऱ्याचे कर्ज, त्याचे उत्तरकार्य, मुलीचे लग्न, सरकारी सारा अशी निकड असेल तरच विक्री टिके. म्हणून घेणाऱ्याचा वकील ती कारणे दस्तातच लिहवून घेई: मयताने कोणाकडून किती घेतले होते, कोणत्या मुलीचे लग्न कुठे ठरले आहे, घरात खाणारी तोंडे किती. याच कारणासाठी ही कारणे थोडी फुगवलेलीही असतात. लग्न ठरल्याचे लिहिले आहे, म्हणजे ते त्या साली झालेच असे धरू नका.

मूळ मालकाचा मृत्यू १८९० चा आणि 'मुलाचा' जन्म १९१२ चा, असे दिसले तर लगेच खोडू नका. मुंबई इलाख्यात महाराष्ट्रातल्या विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि ती हे नवऱ्यामागे वीस-तीस वर्षांनीही करी. दत्तकपुत्र कागदावर मयताचाच मुलगा होतो. दत्तकपत्र मिळाले तर जनक बापाचे नाव, दत्तविधानाची तारीख आणि हजर नातेवाईक एकत्र मिळतात. दोन विधवा असतील तर दत्तकाचा अग्रहक्क थोरलीचा, आणि त्यावरून झालेले भांडण पुढच्या पायरीत सापडते.

चौथी पायरी: जिल्हा न्यायालय

इथे दोन प्रकारचे अर्ज शोधायचे.

पहिला, पालक नेमण्याचा. मुंबई इलाख्यात १८६४ च्या अज्ञानांच्या कायद्याखाली आणि १८९० नंतर गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टखाली असे अर्ज होत. १८९० च्या कायद्याचे दहावे कलम वंशावळीसाठीच लिहिले असावे असे वाटते. अर्जात अज्ञानाचे नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, मुलगी विवाहित असेल तर नवऱ्याचे नाव आणि वय, मिळकतीचे वर्णन व अंदाजे किंमत, सध्या मूल कोणाच्या ताब्यात आहे ते, आणि जवळचे नातेवाईक कोण व कुठे राहतात ते द्यावे लागे. ही नातेवाइकांची यादी मिळवणे हेच या पायरीचे उद्दिष्ट. तिच्यात बापाकडचेही येतात आणि आईकडचेही, म्हणजे फेरफारात कधीच न दिसणारे मामा आणि आजोबा. बालविधवांचा माग लागण्याची जागाही हीच, कारण सासर आणि माहेर यांच्यात मुलीच्या ताब्यावरून अर्ज होत.

नेमलेल्या पालकाला न्यायालय फर्मावेल तेव्हा सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यावी लागे. विक्री, गहाण किंवा पाच वर्षांहून लांब भाडेपट्टा यांसाठी न्यायालयाची परवानगी लागे. तेव्हा एका मुलाच्या नावावर एक अर्ज सापडला, तर पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच नावाखाली परवानगीचे अर्ज आहेत का ते पाहा. त्यांत शिक्षणाचा आणि मुंजीचा खर्चही असतो.

अर्ज कुठे झाला असेल? मूल राहते त्या जिल्ह्यात, किंवा मिळकतीपुरता प्रश्न असेल तर मिळकत आहे त्या जिल्ह्यातही. मूल आजोळी वाढले असेल तर आजोळच्या जिल्हा न्यायालयात शोधल्याशिवाय 'अर्ज नाही' असे म्हणू नका. मोठ्या इस्टेटी १९०५ च्या कायद्याखाली कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अज्ञानांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जात. त्यांचे कागद महसुली दप्तरात, म्हणजे जिल्हाधिकारी आणि पुराभिलेखागारात.

वयाचा एक सापळा आहे. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८, पण न्यायालयाने पालक नेमलेला असेल किंवा इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर १९९९ पर्यंत २१ धरले जाई. हे विसरलात तर जन्मसाल तीन वर्षांनी चुकते.

दुसरा अर्ज वारस दाखल्याचा. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो, आजही. १८८९ नंतर, मयताची येणी वसूल करायची असतील तर उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा. ज्या घरात जमीन नव्हती पण सावकारी, पगार किंवा विमा होता, तिथे फेरफाराऐवजी हेच कागद उपयोगी पडतात.

मूळ फाइल मिळेलच असे नाही. निकालपत्रे आणि हुकूमनामे कायम राखतात. जबाब आणि किरकोळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून आधी त्या सालाचे दिवाणी किरकोळ अर्जांचे रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा, क्रमांक काढा, आणि मग नक्कलेचा अर्ज करा. फाइल गेली असली तरी रजिस्टरातल्या ओळीत अर्जदार, अज्ञान आणि निकालाची तारीख असते. तीही पुराव्यात धरता येते.

पाचवी पायरी: विधवेनंतरचे भांडण

वंशावळीचे सर्वांत सविस्तर कागद बाई हयात असतानाचे नसतात. ते तिच्या मृत्यूनंतर तयार होतात. तिचा हक्क हयातीपुरता असल्याने, तिने विकलेली जमीन परत मागायला नवऱ्याच्या भाऊबंदांना तिच्या मृत्यूपासून बारा वर्षे मुदत असे. दावा लावणाऱ्याला आपण मयताचे नेमके कितव्या पिढीतले भाऊबंद हे सिद्ध करावे लागे. त्यासाठी वंशावळ दाखल होई, समोरचा ती नाकारी, आणि साक्षीदार म्हणून गावातले म्हातारे उभे राहत. न्यायाधीशाने निकालपत्रात वंशवृक्ष काढून दाखवलेला असतो.

तेव्हा विधवेच्या मृत्यूचे साल मिळाले की पुढची बारा वर्षे तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाचे दावा रजिस्टर चाळा. नाव विकत घेणाऱ्याचेही शोधा, कारण प्रतिवादी तोच असतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेले असेल तर अपिलाचे छापील पेपर बुक म्हणजे घबाड: दावा, कैफियत, जबाब सगळे एका जागी. गाजलेले निकाल १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत आणि १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये छापलेले आहेत. त्यांत गावाचे नाव असतेच असे नाही, पण पक्षांची नावे असतात.

पालक आईने अज्ञानपणी विकलेली जमीन मुलाने परत मागितली, तर मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची. यावरून जन्मसाल काढता येते. दावा १९२५ चा असेल आणि पालक न्यायालयाने नेमलेला नसेल, तर वादी १९२२ ते १९२५ दरम्यान १८ वर्षांचा झाला असे त्याचे म्हणणे आहे, म्हणजे जन्म १९०४ ते १९०७. पालक न्यायालयाने नेमलेला असेल तर १९०१ ते १९०४. मुदतीत बसण्यासाठी वय कमी सांगितले जाई, म्हणून कोतवाल बुक किंवा शाळेचे जनरल रजिस्टर यांच्याशी ताडून पाहा. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून मामाचे नाव दिसले तर आजोळचे गाव हातात आलेच.

वतन, इनाम आणि कूळ

पाटील, कुलकर्णी, देशमुख, महार, जोशी अशा वतनी घरांसाठी वतन रजिस्टरे आणि इनाम चौकशीचे कागद पाहायलाच हवेत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले, आणि इनामदारांनी मूळ पुरुषापासून वंशावळी दाखल केल्या. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तरासोबत हे साहित्य आहे. कोल्हापूर संस्थानासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार, मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारासाठी मुंबईचे. मराठवाड्यासाठी निजामी दप्तराचा काही भाग हैदराबादेत पाहावा लागतो. पेशवाईतल्या लढायांत पडलेल्या शिपायांच्या कुटुंबांना मिळालेली नेमणूक दप्तरात 'बालपरवेशी' या नावाखाली येते.

वतनात १८८६ च्या कायद्याने स्त्रियांचा क्रम पुरुषांच्या मागे टाकला, पण शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा त्यातून वगळली. म्हणून वतन रजिस्टरात बाईचे नाव दिसले, तर ती बहुधा मुलगी किंवा बहीण नसून विधवा असते, आणि काम करायला तिने गुमास्ता नेमलेला असतो.

कूळ कायद्याचे कागद मात्र लोक वंशावळीसाठी पाहतच नाहीत, आणि ते मोठे नुकसान आहे. १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक झाली, पण जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर कलम ३२-फ प्रमाणे ती खरेदी लांबणीवर पडे. अज्ञान सज्ञान झाल्यावर किंवा विधवेचा हक्क संपल्यावर मुदत सुरू होई. त्यामुळे तहसीलच्या ३२-ग आणि ३२-फ च्या फायलींत विधवेच्या मृत्यूचा दाखला, अज्ञानाच्या वयाचा पुरावा आणि वारसांची यादी मिळते. कागद १९६० नंतरचे, बहुधा बाळबोध लिपीत, आणि वाचायला सोपे.

ज्यांच्याकडे काहीच मिळकत नव्हती, ती मुले या सर्व कागदांत जवळजवळ दिसत नाहीत. दुष्काळातली निराधार मुले आणि टाकून दिलेली अर्भके संस्थांच्या वह्यांत शोधावी लागतात. पंढरपूरचे १८७५ चे बालकाश्रम, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम ही काही ठिकाणे. तिथे माहिती देण्याचे नियम संस्थेचे असतात आणि ते काटेकोर असणेच योग्य.

गोवा

ज्यांचे मूळ गोव्यात आहे ते या बाबतीत नशीबवान. पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तिथे लागू झाली. मागे अज्ञान वारस उरले की न्यायालयीन इन्व्हेंतारियो, म्हणजे मयताच्या मिळकतीची मोजदाद आणि वाटणी, सक्तीचे होई. त्याला 'इन्व्हेंतारियो ओर्फानोलॉजिको' म्हणत. हयात राहिलेला जोडीदार, म्हणजे बहुधा विधवा, 'काबेसा द काझाल' (कुटुंबप्रमुख) म्हणून शपथेवर मयताची मृत्यूतारीख, सर्व वारसांची नावे, वये, वैवाहिक स्थिती आणि नाते सांगे. मग मिळकतीची यादी, मूल्यांकन, कर्जे आणि वाटणी. जोडीला कुटुंबपरिषद: तीन नातेवाईक बापाकडचे, दोन आईकडचे. एका फाइलीत दोन्ही घराणी मिळतात. संहितेप्रमाणे सज्ञानता २१ व्या वर्षी.

लग्न सामाईक मालकीच्या पद्धतीचे असेल तर विधवेची अर्धी मिळकत स्वतःचीच असते. उरलेल्या अर्ध्याची वाटणी होते. मुंबई इलाख्यातल्या विधवेचे गणित इथे लावू नका. हिंदूंसाठी १८८० च्या रूढीसंहितेने काही अपवाद ठेवले, तेही पाहा. अशा फायली मयत राहत असे त्या भागाच्या न्यायालयाच्या नावाने लावलेल्या असतात: इल्हास, साष्टी, बारदेश, डिचोली, केपे. शोध पणजीच्या गोवा पुराभिलेखागारातून सुरू करा आणि नोटरींच्या वह्यांतले वारस ठरवण्याचे दस्तही विचारा. मजकूर हाती लिहिलेल्या पोर्तुगीजमध्ये असतो, पण फाइलीचा साचा ठरलेला असल्याने दोन-तीन फायली वाचल्या की कुठे काय असते हे कळते.

जुळवणी करताना

एकाच बाईची माहेरची आणि सासरची नावे वेगळी असतात, हे गृहीत धरा. तिची ओळख नावावरून पक्की करू नका. मयत नवरा, सर्व्हे नंबर आणि मुलाचे वय या तिघांचा मेळ बसला तरच एक समजा. पालनकर्ती 'आई' ही सावत्र आईही असू शकते. कोतवाल बुकातला पहिल्या बायकोचा मृत्यू आणि मुलाचा जन्म यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की ते उघड होते. प्रत्येक नोंदीपुढे कागदाचा प्रकार, कार्यालय, गाव, क्रमांक, वर्ष आणि माहिती कोणी दिली हे लिहा. विधवेने स्वतः दिलेली वर्दी, तिच्या विरोधात गेलेल्या दिराने दिलेली वर्दी आणि तिच्या मरणानंतर तीस वर्षांनी भाऊबंदाने दाखल केलेली वंशावळ यांचे वजन सारखे नसते. दाव्यातल्या वंशावळी दोन्ही बाजूंच्या उतरून घ्या. न्यायालयाने नाकारलेलीतही मुली आणि निपुत्रिक गेलेले भाऊ असतात, आणि जिंकणाऱ्याने नेमके तेच गाळलेले असतात.